धरणगाव तापलं

आमचे सासरे माणसांपेक्षा गाडीशी जास्त बोलत, आणि बोलत ते गावांची नावं घेऊन. लग्नानंतर पहिल्यांदाच धुळ्याला मुक्कामाला गेलो होतो. सकाळी तोंडात ब्रश धरून ओट्यावर आलो, तर अंगणातून आवाज आला, "सोनगीर गळी राह्यनं! साक्री तं तोंडच उघडत नही. एक धरणगाव तेवढं शहाणं शे."

मी घाबरून आत गेलो. बायकोला म्हटलं, "अगं, सोनगीरला काय झालं? तुमचं कोणी आहे का तिथं?"

कल्पना वेणी घालत होती. तिने मान वळवूनही पाहिलं नाही. "सोनगीर म्हणजे पेट्रोलची नळी," ती म्हणाली. "साक्री म्हणजे डायनॅमो. धरणगाव रेडिएटर. चहा घ्या, थंड होतोय."

सासऱ्यांचं नाव झिपरू. सगळी गल्ली त्यांना आबा म्हणे, म्हणून मीही आबाच म्हणू लागलो. उंच, वाळकुडे, तीन गुंड्यांचा सदरा, आणि डोक्यावर एकेकाळी पांढरी असलेली टोपी. तिच्या काठावर तेलाचा असा पक्का पट्टा बसलेला होता, की मला पहिले दोन महिने ती नक्षीच वाटायची. धुळ्याच्या एका जिनिंग फॅक्टरीत त्यांनी तीस वर्षं इंजिनघर सांभाळलं. फॅक्टरी बंद झाली, यंत्रं उचलली गेली, आणि गोदामात फाटक्या बारदानाखाली एक वस्तू उरली. ती कोणालाच नको होती. आबांना हवी होती.

ती वस्तू म्हणजे एक अमेरिकन गाडी. मालकाच्या धाकट्या मुलाने हौसेने मुंबईहून आणलेली, मायदेशी परत निघालेल्या कुणा गोऱ्या साहेबाची. एक हंगाम त्याने ती फिरवली आणि मग त्याची हौस दुसरीकडे वळली. आठ सिलिंडरचं इंजिन, दारं मात्र दोनच. बोनेट इतकं लांब, की त्यावर खाट टाकून माणूस झोपला असता. आबांच्या ताब्यात आली तेव्हा तिला रेडिएटर नव्हता, स्टार्टर नव्हता, बैठका नव्हत्या. होती ती पुढच्या दिव्याच्या खोबणीत अंड्यांवर बसलेली एक कोंबडी. मालकांच्या घरच्यांनी सांगितलं, "घेऊन जा आबा, जागा तरी मोकळी होईल." चार बैल जुंपून त्यांनी ती घरी ओढत आणली. पुढे माझ्या ऑफिसातल्या एकाने सांगितलं, की अमेरिकेत असल्या गाड्यांना मसल कार म्हणतात. मी आबांना मराठीत समजावलं, "पैलवान गाडी." आबा म्हणाले, "तरीच! तरीच इतकं पेट्रोल पेस!"

पैलवानाचे हातपाय मात्र आबांनी सबंध खानदेशातून गोळा केले. रेडिएटर धरणगावच्या एका बंद जिनातल्या ऑइल इंजिनाचा. डायनॅमो साक्रीकडच्या ट्रॅक्टरचा. नळ्या आणि वॉशर सोनगीरच्या तांबटाने हाताने ठोकून दिलेले. बैठकांवर हिरवं रेक्झिन, ते भुसावळला मोडीत निघालेल्या रेल्वेच्या डब्यातलं. त्यावर बसलं की मला हमखास तिकीट काढायचं राहिल्यासारखं वाटे. पंख्याची पाती दीपनगरच्या वीजकेंद्राच्या भंगारातली. आणि ज्या वस्तूचं जे गाव, तेच तिचं नाव. कारखान्याने ठेवलेली नावं आबांना ठाऊक नव्हती असं नाही. पण ते म्हणत, "नाव गावनंच पाहिजे. नहीतं तिले कसं समजी, आपण कोठून उनू ते?"

आता या गाडीपायी माझ्या लग्नात काय झालं ते सांगतो. इतकी वर्षं ते आमच्या घरी दर सणाला माझ्याशिवाय बाकी सगळ्यांनी सांगितलंय.

नवरी धुळ्याहून असोद्याला या गाडीतून जाणार, असं आबांनी पत्रिकेत छापायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. गाडीला झेंडूच्या माळा लावल्या. मी बाशिंग सावरत आत बसलो, शेजारी कल्पना. इंजिन असं गरजलं, की वाजंत्रीवाल्यांनी वाजवणं थांबवलं. गाडी मांडवापासून निघाली, गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत थाटात गेली आणि तिथे खाली बसली. म्हणजे खरंच बसली. मागचा एक्सल तुटला. तासभर सगळ्यांनी सगळं केलं. पाहुण्यांच्या जीपा आधीच पुढे गेल्या होत्या. शेवटी सावद्याकडे रिकामा परत चाललेला केळीचा एक ट्रक मिळाला. केळीच्या वाळक्या पाल्यावर सतरंजी टाकून आमची वरात निघाली. बापाने नवरीबरोबर जायचं नसतं, पण आबा ट्रकात चढले. फाळक्याला पाठ लावून शंभर किलोमीटर ते एक शब्द न बोलता उभे राहिले. मी दोन वेळा "बसा ना आबा" म्हटलं. तिसऱ्यांदा कल्पनाने माझ्या शेल्याला असा हिसका दिला की मीच गप्प बसलो.

असोद्याला आमच्या दारात आई आरतीचं ताट घेऊन उभी होती. ट्रकाचा फाळका खाली पडला. आईने वर पाहिलं आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारलं, "नवरी उतरवून राह्यले का घड?"

लोक हसले. मीही हसलो, हे कबूल करतो. आबा हसले नाहीत. खाली उतरून, हात जोडून ते म्हणाले, "इहीणबाई, चूक मनी शे. पन आखाजीले मी पोरले लेवाले येसू, तो याच गाडीमा येसू."

आई म्हणाली, "या ना. तुमची गाडी इथून धुळ्यापर्यंत वाटेत कुठी न थांबता गेली, तं मी केळीच्या ट्रकाचं नाव तोंडातून काढणार नाही. आन थांबली, तं मरेपर्यंत काढीन."

"मान्य," आबा म्हणाले.

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी एवढं सांगायला हवं, की आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया, आणि आमच्याकडे तो लेकीबाळींचा सण. सासुरवाशिणी माहेरी जातात, झोके घेतात, आमरस आणि खापरावरची पुरणपोळी खातात. पण लेक आपली आपण जात नाही. माहेरचा कोणी माणूस, बाप नाहीतर भाऊ, घ्यायला यावा लागतो. त्याला मुऱ्हाळी म्हणायचं. मुऱ्हाळी आला नाही, तर माहेर दोन कोसांवर असलं तरी ते काळ्या पाण्यापलीकडे.

पहिल्या आखाजीला आबा आले ते एसटीने. हातात गाडीचा जॅक, खांद्याला पिशवी. आई ओट्यावरच उभी होती. "गाडी कुठी?"

"पारोळा," आबा म्हणाले. "तिथं एक जणना खळामा लावेल शे."

"म्हणजे तिसऱ्या हिश्शाला पोचली," आई म्हणाली. "चांगलं आहे. नातवंडं होईपर्यंत येईल."

त्या मुक्कामात मला आबांची दुसरी खोड कळली. त्यांच्या पिशवीत जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा असे. गाडीला जो भाग हवा, त्याचा आकार ते पत्रिकेच्या पाठीवर काढून कात्रीने कापून घेत, आणि मग जिथे जातील तिथे तो कागद लावून बघत. भंगारवाल्याकडे, पिठाच्या गिरणीत, विहिरीवरच्या पंपाला, एकदा तर कीर्तनाला गेले असताना शेजारच्याच्या पेटीला. "वस्तू हारपस नही, पाव्हणा," ते मला सांगत. "आपलीच उभी राहवानी जागा चुकस." मी मान हलवायचो. मला त्यातलं काही कळत नसे. पाटबंधारे खात्यात मी फायली सांभाळायचो आणि घरचा दिवा गेला तरी शेजारच्याला हाक मारायचो. पण जावयाने मान हलवली की सासऱ्याला बरं वाटतं, एवढं मला कळत होतं.

तर त्यांनी एक मोठा गोल कागद आमच्या स्वयंपाकघरात, कोणाचं लक्ष नाही असं बघून, दुधाच्या पातेल्याच्या झाकणाला लावला. मी दारातून पाहिलं. कागद झाकणावर असा बसला, जसा त्याच्यासाठीच जन्मला. कल्पनाने एकदा बापाकडे पाहिलं, एकदा माजघरात वाती वळत बसलेल्या सासूकडे, आणि झाकण पदराखाली घेतलं. मी काही पाहिलं नाही असं ठरवून बाहेर आलो. संसारात पडल्यापासून हे मला चांगलं जमू लागलं होतं. आई पुढे तीन वर्षं ते झाकण शोधत होती. तिचा संशय मांजरावर होता. मांजर झाकण कशाला नेईल, हे तिला विचारायची कोणाची छाती नव्हती.

आणखी एक. आबा इंजिन ऐकायचे ते चुलीच्या फुंकणीने. एक टोक इंजिनावर, एक कानाला, डोळे मिटलेले. दुसऱ्या आखाजीच्या आधी मी धुळ्याला गेलो असताना, जेवून सुपारी कातरत बसलो होतो, तर त्यांनी फुंकणी माझ्या पोटाला लावली. बराच वेळ ऐकून म्हणाले, "पाव्हणा, तुमनं टायमिंग चुकेल शे. थोडं कमी जेवा."

त्या वर्षी मी धुळ्याला गेलो होतो तोच मुळी गाडीत बसायला. गाडी अमेरिकन, म्हणजे स्टिअरिंग डावीकडे. आपल्याकडे पुढच्या ट्रकाला ओलांडायचं तर उजवीकडून, आणि डावीकडे बसलेल्या आबांना समोरचं दिसणार कसं? म्हणून उजवीकडे एक माणूस हवाच. त्याची कामं दोन. उजवीकडे वळायचं असलं की हात बाहेर काढायचा, आणि आबांनी "काही येस का?" विचारलं की सांगायचं.

आम्ही निघालो. बघणाऱ्याला वाटे गाडी मीच चालवतोय, कारण ड्रायव्हरच्या जागी मी. पारोळ्यात एका ओळखीच्याने कौतुकाने हात केला. मीही केला. छाती थोडी पुढे काढली, ती तशीच राहिली.

एरंडोलच्या अलीकडे पुढे कापसाचा एक ट्रक लागला. आबा म्हणाले, "काही येस का?"

मी बघितलं, रस्ता मोकळा. त्या दिवसांत आमच्या ऑफिसात एक साहेब होते, ते उठता-बसता इंग्रजी बोलत, आणि ती सवय मला लागली होती. मी ऐटीत म्हणालो, "येस!"

आबांनी कचकन ब्रेक दाबला. मी काचेवर आदळलो. समोरून काहीच आलं नाही.

"काय झालं, आबा?"

"तुम्हीच सांगं ना!" असं म्हणून ते पुन्हा ट्रकाच्या मागे लागले. "आते? काही येस का?"

"येस, येस!"

पुन्हा ब्रेक. असं चारदा झालं. चौथ्यांदा इंजिन बंद पडलं, आणि चालू करता करता स्टार्टर जळाला. धूर निघत असताना, रस्त्याच्या कडेला बाभळीच्या सावलीत बसून आम्ही उलगडा केला. त्यांच्या अहिराणीत "येस" म्हणजे "येतंय". माझ्या इंग्रजीत "येस" म्हणजे "हो, जा". रस्ता मोकळा आहे असं मी चार वेळा सांगितलं, आणि प्रत्येक वेळी त्यांना एक ट्रक अंगावर येताना ऐकू आला.

मला वाटलं, आता हे चिडणार. आबा खूप वेळ बाभळीकडे बघत राहिले आणि मग असे हसले, की टोपी काढून तोंडावर धरावी लागली. "पाव्हणा," ते म्हणाले, "यापुढे गाडीमा इंग्रजी बोलू नका."

पुढचा प्रवास एसटीने. आई ओट्यावर. "यंदा?"

"एरंडोल," आबा म्हणाले. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. कधीच घेतलं नाही. आईला आजवर माहीत नव्हतं, की त्या वर्षीची पैज तिच्या मुलाच्या इंग्रजीने जिंकली.

त्याच मुक्कामात, कल्पना सामान बांधत असताना, आबांनी मला हळूच विचारलं, "तुमनी मायले लेवाले कोण येस?"

मी म्हणालो, "कोणी नाही. ती जात नाही."

आईचं माहेर धरणगाव. आईवडील कधीच गेलेले. एक भाऊ होता, तो दर आखाजीला यायचा. माझ्या लग्नाच्या सहा वर्षं आधी तोही गेला. वहिनी आणि भाचे होते, पण भाचे लहान, वहिनी एकटी, आणि पहिल्या वर्षी कोणी आलं नाही ते मग आलंच नाही. आई कोणाला बोल लावत नसे. "बोलावल्याशिवाय कसं जावं?" एवढंच म्हणे. आखाजीच्या दिवशी सगळ्यांना वाढून झालं की माजघरात भिंतीकडे तोंड करून वाती वळत बसे. हे मी तेव्हापासून दर वर्षी पाहत आलो होतो. ते बघण्यासारखं काही आहे, हे मात्र माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. मुऱ्हाळी म्हणून आबा दारात आले की आईच्या बोलण्याला नेमकी त्याच दिवशी जास्त धार का चढते, हेही नाही. माझं उत्तर ऐकून आबांनी फुंकणी उगाचच कानाला लावली आणि काढली.

तिसऱ्या वर्षी गाडी पाळधीपर्यंत आली. असोदा तिथून हाकेच्या अंतरावर म्हणायचं. आईने पहिल्यांदाच टोमणा मारला नाही, पाणी आणून दिलं आणि म्हणाली, "उन्हाचं कशाला येता हो इतकं जीव काढून?"

चौथ्या वर्षी आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी आधी आवाज आला. गल्लीतली कुत्री उठून उभी राहिली. मग मोरपंखी रंगाचं ते लांबलचक बोनेट वळणावर दिसलं, आणि दिसतच राहिलं; गाडी संपता संपेना. डावीकडे टोपी घातलेले आबा, उजवीकडच्या सीटवर फक्त एक डबा. गल्लीतल्या म्हाताऱ्या गोदामावशीने ड्रायव्हरच्या जागी कोणीच नाही हे पाहिलं आणि दार लावून घेतलं.

आबा उतरले. आई ओट्यावरून खाली आली आणि तिने गाडीला एक सावकाश फेरी घातली, म्हैस विकत घेताना घालतात तशी. मागच्या चाकाशी थांबली. वाकली. चाकाच्या मधोमध तिचं दुधाच्या पातेल्याचं झाकण चमकत होतं.

मी आकाशाकडे बघू लागलो. कल्पना आत काहीतरी विसरली म्हणून गेली.

"हे माझं झाकण," आई म्हणाली.

"त्याचं नाव असोदा," आबा म्हणाले.

आईने झाकणावर बोट फिरवलं. "घासता तरी चांगलं," ती म्हणाली. "मी उगाच त्या मांजराला बोलले."

मग आबांनी उजवीकडचं दार उघडलं. मला वाटलं कल्पनासाठी. पण ते आईकडे बघत होते. "इहीणबाई, बठा. गाडी थांबस का नही, ते पाहाले कोणी तं पाहिजे. पोरनं काय, ती बापनीच बाजू घेई."

"मी? मी कशाला? घरी कोण बघेल?"

"पैज तुमनी शे."

आई आत गेली. बाहेर आली तेव्हा नवं लुगडं नेसलेली, डोक्यावर पदर, हातात पिशवी. शेजारणीला ती म्हणाली, "पैज आहे म्हणून जाते वं. नाहीतं मले काय हौस?"

मी आणि कल्पना मागे. दोन दारांच्या गाडीत मागे बसायचं म्हणजे पुढची सीट दुमडून, आधी डोकं घालून, मग बाकीचं ओढून घ्यायचं. माझं बाकीचं ओढायला दोघं लागले. आई पुढे उजवीकडे, ताठ. गाडी गल्लीतून निघाली तेव्हा असोद्याने जे पाहिलं त्याच्यावर असोदा पुढे कित्येक महिने बोलत होतं: डोक्यावर पदर घेतलेली आमची आई, ड्रायव्हरच्या जागी, अमेरिकन गाडी हाकत चाललीय. पारावरचे दोन म्हातारे उठून उभे राहिले.

जळगाव येईपर्यंत आईला काम समजलं. आबा म्हणत, "इहीणबाई, काही येस का?" आई मान बाहेर काढून म्हणे, "बैलगाडी येस! थांबा! ... आता नही येस, चला!" सबंध जन्म तिने लोकांना काय करायचं ते सांगितलं होतं, गाडीला सांगणं काही वेगळं नव्हतं. वळण आलं की आबा म्हणत, "उजवा हात!" आणि हिरव्या बांगड्यांनी भरलेला हात खिडकीबाहेर जाई. समोरून येणाऱ्या एसटीचा ड्रायव्हर तो हात बघून स्वतःच थांबे.

पाळधी आलं. आबा म्हणाले, "इहीणबाई, उजवा हात."

आईने हात काढला. गाडी हायवे सोडून उजवीकडे वळली. वळून झाल्यावर आई म्हणाली, "अहो, इकडं कुठी? हा तं धरणगावचा रस्ता."

"हायवेवर ट्रक फार," आबा म्हणाले. "इकडे वारा चांगला."

वैशाखातलं ऊन, वारा कसला, भट्टीचा झोत. आईने हात आत घेतला नाही. तो तसाच खिडकीवर राहिला.

धरणगावात शिरलो. बाजार ओलांडून, कोणाला वाट न विचारता, आबांनी गाडी एका गल्लीत घातली. निंबाचं झाड, त्याच्याशेजारी ओटा, निळं दार. आणि तिथे आबांचा हात पुढे झाला, आणि त्यांनी किल्ली फिरवली. मी मागून, दोन सीटांच्या मधून, स्पष्ट पाहिलं. इंजिन बंद पडलं नव्हतं. बंद केलं होतं.

"अरे अरे," आबा म्हणाले. "धरणगाव तापनं!"

खाली उतरून त्यांनी बोनेट उघडलं. गाडी खरंच तापायची तेव्हा कशी शिट्टी वाजते, कशी वाफ निघते, ते मी एरंडोलच्या वर्षी पाहिलं होतं. इथे काही नव्हतं. आबांनी रिकामा डबा काढला आणि आईपुढे धरला. "इहीणबाई, थंड पाणी लागी. इथलं मले काही माहीत नही. कोठे भेटी का?"

आई त्या निळ्या दाराकडे बघत होती. "हं," ती म्हणाली. "आहे... आहे इथं एक घर."

ती डबा घेऊन गेली. पाणी मागायला तर कोणीही कोणाच्याही दारात जाऊ शकतं. त्याला मुऱ्हाळी लागत नाही. कडी वाजली. दार उघडलं. एक बाई, पांढरे केस, हाताला पुरण लागलेलं, क्षणभर बघत राहिली आणि मग म्हणाली, "अक्का!" आतून एक मिसरूड फुटलेला मुलगा आला, त्याला सांगावं लागलं, "अरे, आत्या आहे तुझी. पाया पड."

पाणी यायला तीन तास लागले.

आम्हालाही आत नेलं, रस-पोळी वाढली. आबा मात्र जेवून लगेच बाहेर आले आणि निंबाखाली गाडीशेजारी उभे राहिले, रखवालदारासारखे. ऊन कललं तसा भाचा पाण्याचा डबा घेऊन आला, त्याच्या मागे आई, ओटीत नारळ आणि खण, काखेत कुरडयांचा डबा, डोळे लाल. सगळ्यांच्या देखत आबांनी रेडिएटरचं झाकण काढलं आणि पाणी ओतलं. घोटभरही आत गेलं नाही. रेडिएटर गळ्यापर्यंत भरलेला होता; सगळं पाणी खाली धुळीत गेलं.

"आबा," मी म्हणालो, "पाणी तर—"

"पाव्हणा," आबा वर न बघता म्हणाले, "इंग्रजी नको."

आई गाडीत बसली, पदर सावरला, आणि सबंध गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "थांबलीच शेवटी! त्यापेक्षा आमचा केळीचा ट्रक बरा. असोद्यापर्यंत कुठी थांबला नव्हता बापडा!"

आबांनी मान खाली घातली. "थांबनी ना, इहीणबाई. काय करता?" आणि किल्ली फिरवली. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली आणि धुळ्यापर्यंत कुठेही थांबली नाही.

पुढच्या आखाजीपासून धरणगावचा भाचाच आईला न्यायला येऊ लागला. आई त्यानंतरही कितीतरी वर्षं, प्रत्येक भेटीत, आबांना ऐकवत राहिली: गाडी थांबलीच. आबा ऐकून घेत राहिले. किल्लीचं मी कोणालाच सांगितलं नाही, कल्पनालासुद्धा नाही. इतकी मोठी गोष्ट फक्त मला ठाऊक आहे, याचा मला थोडा गर्वच होता.

नव्वद सालानंतरची गोष्ट. आबा अंथरुणाला खिळले. आई म्हणाली, मला भेटून यायचंय. आम्ही एसटीने निघालो. आई खिडकीशी. पाळधीचा फाटा आला, उजवीकडचा रस्ता मागे गेला. त्या रस्त्याकडे बघत आई म्हणाली, "किल्ली त्यांनीच फिरवली होती."

मी तिच्याकडे वळलो. "तुला माहीत होतं?"

"का रे? मी पुढंच बसले होते ना?"

"मग इतकी वर्षं त्यांना बोलतेस ते?"

आईने माझ्याकडे असं पाहिलं, जसं फुंकणी न लावताच माझं टायमिंग चुकलेलं तिला ऐकू आलं. "पैज हरायची होती त्यांना," ती म्हणाली. "त्यांनी इतकं केलं, मी एवढंही करू नये?"

धुळ्याला अंगणात ताडपत्रीखाली गाडी होती. एका बाजूने ताडपत्री वर सरकलेली, चाकावरचं असोदा दिसत होतं. घासलेलं. आबांनी खाट तिच्या शेजारीच टाकून घेतली होती. ते इतके बारीक झाले होते, की टोपी कानांवर आली होती. उशाला फुंकणी. आई खाटेजवळ पाटावर बसली.

मग आई म्हणाली, "गाडी शेवटी थांबलीच हो तुमची."

आबांचे डोळे हसले. "धरणगाव तापेल व्हतं, इहीणबाई."

"हो ना," आई म्हणाली. "ऊनच तसं होतं."

निघताना मी कल्पनाच्या भावाशी औषधांचं बोलत फाटकाशी उभा होतो. आई फाटकापर्यंत आली आणि परत वळली. खाटेवरच्या माणसाला तिने मोठ्याने, नेहमीच्या आवाजात विचारलं, "यंदा आखाजीला भाच्याला सांगू का येऊ नको म्हणून? तुम्हीच येता ना मले घ्यायला?"

आबांना उठता आलं नाही. त्यांनी डावा हात खाटेबाहेर काढला, सरळ, गाडी निघताना काढतात तसा.

"येस," ते म्हणाले.